डांबर संपतं तिथून पुढे

आमची वस्ती बारामतीच्या पुढे, नीरा डाव्या कालव्याच्या कडेला. पुण्यातल्या घरून निघालं की बोपदेव घाट, सासवड, जेजुरी, मोरगाव, बारामती असं करत साधारण ११० किलोमीटर पडतं. त्यातले १०६ डांबर आणि काँक्रीटचे, आणि शेवटचे चार म्हणजे कालव्याच्या भरावावरचा मुरमाचा रस्ता आणि मग पाणंद. हे शेवटचे चार किलोमीटर लक्षात ठेवा, कारण मी ग्रॅव्हल बाइक, म्हणजे डांबर आणि खडी दोन्हींवर चालणारी सायकल, का घेतली आणि ती आल्यावर बाकीच्या सायकली गेल्या का, या सगळ्याचं मूळ तिथेच आहे.

२०१५ ला मी रोडबाइक घेतली, म्हणजे खाली वळलेल्या हँडलची, बारीक टायरची, गुळगुळीत रस्त्यावर पळणारी सायकल, आणि पहिल्याच हिवाळ्यात ठरवलं की आता घरी सायकलनेच जायचं. पहाटे चारला निघालो, बोपदेव अंधारातच चढलो, जेजुरीच्या अलीकडे उजाडलं, मोरगावला पोहे-चहा झाला आणि दहाच्या आत बारामती मागे टाकली, पाय मस्त चालत होते, वारा पाठीशी होता, एकदम खूश होतो. मग कालव्याचा फाटा आला. टायर २५ चे, म्हणजे २५ मिलिमीटर रुंदीचे, हवा १०० पीएसआय. मुरमावर पन्नासेक मीटर गेलो असेन, पुढचं चाक एकदा डावीकडे सरकलं, एकदा उजवीकडे, आणि मी उतरलो. पुढचे चार किलोमीटर सायकल हातात धरून, तळाला पेडलमध्ये अडकणारी क्लीट असलेल्या बुटांत. क्लीटच्या खाचेत मुरूम बसला की तो दगडासारखा घट्ट होतो, मग बूट ना पेडलला लागत ना धड चालता येत. अण्णा बांधावर उभे होते. बोलले काहीच नाहीत, माझ्या हातातून सायकल घेतली आणि गोठ्याजवळ लावली. पण एवढ्या लांबून सायकलवर आलेला माणूस स्वतःच्या दारात चालत येतो हे मला फार लागलं.

तेव्हा माझ्याकडे आणखी दोन सायकली होत्या. २०११ ची एक हायब्रिड, ऑफिसला जायला घेतलेली, सरळ हँडल आणि ३२ चे टायर. आणि २०१३ ची एमटीबी म्हणजे माउंटन बाइक, २६ इंची, पुढे शॉकअप, पुण्यातल्या वेताळ टेकडीसाठी. म्हणजे रस्त्याला एक, टेकडीला एक, शहरात फिरायला एक. सायकलवाल्यांत सगळे हेच सांगतात की प्रत्येक कामाला वेगळी सायकल हवी आणि मला ते पटलेलंही होतं, आणि पैसे साठवून एकेक घेताना जो आनंद झाला तो काही खोटा नव्हता.

तर पुढच्या वेळी एमटीबी घेऊन गेलो. कालव्याचे चार किलोमीटर असे गेले की बस, दगड चुकवायचीसुद्धा गरज नाही. पण त्याआधीचे १०६! जाड गोट्यांचे टायर डांबरावर घर्रर्र आवाज करत राहतात, आणि तो आवाज म्हणजे तुमचीच ताकद वाया जातेय, चढावर दांडपायडल मारायला उठलं की शॉकअप खालीवर होतो, बारामतीला पोचेपर्यंत दुपार झाली आणि मी पार गळून गेलो होतो. तिसऱ्या वेळी हायब्रिड. ती पोचली, धक्के खात का होईना अगदी दारापर्यंत पोचली. पण सरळ हँडलवर हात ठेवायची जागा एकच, त्यामुळे सहा-सात तासांनी दोन्ही करंगळ्या बधिर झाल्या आणि दोन दिवस शर्टाची बटणं लावताना त्रास होत होता.

म्हणजे तीन सायकली होत्या, तिन्ही त्या रस्त्याच्या एकेका तुकड्याला बरोबर होत्या आणि अख्ख्या रस्त्याला एकही नव्हती.

हे माझ्या घरापुरतंच आहे असं मला बरेच दिवस वाटायचं. पण मग बघायला लागलो तर आपल्याकडचा कुठलाही रस्ता असाच आहे. पिरंगुटवरून मुठा गावाला जा, टेमघरकडे वळा, किंवा पानशेतच्या बाजूला कुठल्याही धरणाच्या कडेने जा, पाच किलोमीटर लोण्यासारखं डांबर, मग एक किलोमीटर उखडलेलं, मग कुठे पुलाचं काम चालू म्हणून मुरमाचा वळसा, मग वाडीत शिरल्यावर फरशी टाकलेली गल्ली. रस्त्याच्या कामाच्या पाट्यांवर खडीकरण आणि डांबरीकरण हे दोन शब्द कायम जोडीने असतात, आणि मधल्या काळात, म्हणजे खडी पडलीये आणि डांबर यायचंय या काळात, काही रस्ते वर्षानुवर्षं असतात. हे तक्रार म्हणून सांगत नाहीये. स्पेशलाइज्ड सायकलला स्पेशलाइज्ड रस्ता लागतो एवढंच म्हणतोय. रोडबाइक घेतल्यापासून मी नकळत फक्त गुळगुळीत रस्तेच निवडायला लागलो होतो. घरातून निघायच्या आधी ठरवायचं आज कुठली सायकल, आणि सायकल ठरली की रस्ता आपोआप ठरला. नारायणपूरकडे जाताना डाव्या हाताला एक कच्चा रस्ता टेकाडामागे जातो, त्याच्या तोंडावरून मी पाच-सहा वर्षं नुसता गेलो, आत कधी वळलो नाही.

ग्रॅव्हल बाइक हे प्रकरण तिकडे अमेरिकेत वाढलं. कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावाची २०० मैलांची शर्यत २००६ ला सुरू झाली, आता तिला अनबाउंड ग्रॅव्हल म्हणतात. तिकडे शेताशेतांतून जाणारे मैलोन्‌मैल खडीचे रस्ते आहेत, त्यातही फ्लिंट हिल्सची खडी म्हणजे गारगोटीच्या जातीची, धारदार, टायर कापणारी. लोक सुरुवातीला सायक्लोक्रॉसच्या (चिखल-गवतावरच्या शर्यतींच्या), नाहीतर जुन्या टूरिंगच्या सायकली जुळवून तिथे उतरायचे, मग हळूहळू कंपन्यांनी त्यासाठी वेगळी सायकल बनवायला घेतली. सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीने २०१९ मध्ये जीआरएक्स हा खास ग्रॅव्हलचा ग्रुपसेट, म्हणजे गिअर-ब्रेकचा संच, काढला आणि २०२२ ला तर इटलीत व्हेनेतो भागात यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेची पहिली ग्रॅव्हल वर्ल्ड चॅम्पियनशिपसुद्धा झाली. आपल्याकडच्या खडी आणि मुरमाशी या सगळ्याचा काही संबंध असेल असं तेव्हा मनातही आलं नव्हतं.

२०२१ च्या दिवाळीत एका मित्राने त्याची ग्रॅव्हल बाइक एक दिवस चालवायला दिली आणि दोन महिन्यांनी मी माझी घेतली. लांबून रोडबाइकच वाटते, हँडल तसंच खाली वळलेलं, फक्त टोकं जरा बाहेर फाकलेली. जवळ गेलं की फरक कळतो. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, जरा जास्त तिरका, दोन चाकांमधलं अंतर जास्त, म्हणजे सैल जमिनीवर सायकल दचकत नाही. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. फ्रेमला सगळीकडे स्क्रूची भोकं, कॅरिअर लावा, तिसरी बाटली लावा, पिशवी लावा. आणि मुख्य म्हणजे टायरला जागा, माझ्या फ्रेममध्ये ४५ पर्यंत बसतो. मी ४० चे घातले, ट्यूबलेस, हवा ३५ ते ४० पीएसआय. रोडबाइकवर हवा दगडासारखी भरायची सवय होती, त्यामुळे पहिले काही दिवस रोज वाटायचं की पंक्चर आहे की काय, खाली वाकून अंगठ्याने दाबून बघायचो.

जानेवारीत घरी निघालो. बारामतीला रोडबाइकपेक्षा चाळीसेक मिनिटं उशिरा पोचलो. कालव्याचा फाटा आला तसं पोटात थोडं धस्स झालं, जुनी सवय, पण वळलो आणि सायकल नुसती चालत राहिली. मुरमाचा चर्र चर्र आवाज, डाव्या हाताला आवर्तनाचं पाणी, उजवीकडे ऊस तोडून झालेला, पाचट पडलेलं, बगळे. हँडल घट्ट धरावं लागत नाही, उलट जेवढे हात सैल सोडाल तेवढी सायकल स्वतःची वाट काढते, हे मला त्या चार किलोमीटरमध्ये कळलं. मध्ये एकदा फस्स असा आवाज आला. थांबून चाक फिरवलं तर सराटा. सराटा ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, जमिनीवर पसरणारी वेल असते, तिचं फळ सुकलं की कसंही पडलं तरी एक काटा वर राहतो, कालव्याच्या कडेने शेकड्याने असतात. रोडबाइक असती तर तिथेच ट्यूब बदलत बसलो असतो. इथे काट्याच्या भोवती पांढरे बुडबुडे आले, अगदी रुईचं पान तोडल्यावर चीक येतो तसा आतला भोक बुजवणारा सीलंट बाहेर आला, मी काटा उपटला, चाक फिरवून भोक खाली आणलं आणि पंधरा-वीस सेकंदात आवाज बंद. आत लॅटेक्सच असतं, रुईचा चीकही तसलाच. फक्त आपल्या उन्हाळ्यात तो आतल्या आत वाळतो, दर दोन-तीन महिन्यांनी थोडा भरावा लागतो, हे दुकानात कोणी सांगत नाही.

दारात सायकलवरून उतरलो.

अण्णांनी सायकल हातात घेतली, एका हाताने उचलून वजन बघितलं, मग अंगठ्याने पुढचा टायर दाबला. म्हणाले, "ह्ये तर आपल्या सायकलीएवढंच जाड हाय की." मला वाटलं उगीच म्हणतायत. त्यांची जुनी काळी सायकल अजून पडवीत असते, रॉड ब्रेकची, मागे लोखंडी कॅरिअर, त्याच्यावर दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून ते वीस-बावीस वर्षं डेअरीला गेले. त्याच सायकलवर मी आधी हाफ पायडल, मग नळीवर, मग सीटवर असं शिकलो. मोबाइलची बॅटरी लावून मी तिच्या टायरची कड पुसली. धुळीखाली आधी २८ गुणिले दीड हे आकडे दिसले, आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरात ४०-६३५. मग माझ्या सायकलीचा बघितला. ४०-६२२. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. रुंदी तीच, मिलिमीटरला मिलिमीटर. तिचा फोर्क माझ्यापेक्षाही तिरका, दोन चाकांतलं अंतर माझ्यापेक्षाही लांब. मी पडवीत उकिडवा बसून किती तरी वेळ या दोन सायकलींकडे आळीपाळीने बघत होतो. डेअरीचा रस्ता हाच होता ना. तेव्हा तर डांबर बारामतीच्या बाहेर फारसं नव्हतंच, मग दुसरी कुठली सायकल चालली असती. फरक आहेच आणि तो मोठा आहे, तिला गिअर नाहीत, वजन दुप्पट, पावसात रॉड ब्रेक म्हणजे देवाचं नाव घ्यायचं. पण अण्णांना कधी दुसरी सायकल लागली नाही.

आता मूळ प्रश्न. बाकीच्या सायकली गेल्या का? मला हे लोक सारखे विचारतात, आणि विचारणाऱ्याला हो किंवा नाही असं एकच उत्तर हवं असतं. माझ्याकडे तिन्ही सायकलींची तीन वेगळी उत्तरं आहेत.

रोडबाइक गेली. पण सहज गेली असं नाही, दीड वर्ष गेलं त्यात. रविवारी आमचा दहा-बारा जणांचा ग्रुप कात्रज करून खंबाटकीपर्यंत जातो, त्यात ४० चे गोटीवाले टायर घेऊन गेलो तर सपाटीला मी कायम शेपटाला, प्रत्येक वेगवाढीला पाच-दहा मीटरचं अंतर पडायचं आणि ते भरून काढताना दम लागायचा. ताशी दोन-तीन किलोमीटरचा फरक ऐकायला काही वाटत नाही, ग्रुपमध्ये तो दिवसभराचा फरक असतो. मग चाकांची दुसरी जोडी केली, तिच्यावर ३२ चे गुळगुळीत टायर, वेगळी कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच), वेगळे रोटर (डिस्क ब्रेकच्या चकत्या). हे काम वाटतं तेवढं सोपं नाही, दोन्ही हबवर रोटर अगदी एका रेषेत बसत नाहीत, चाक बदललं की खस्स खस्स घासायला लागतो, म्हणून रोटरखाली कागदाएवढ्या पातळ चकत्या घालून ते जुळवावं लागलं, ते करायला मला दोन संध्याकाळी लागल्या. आणि त्या जोडीला एका बऱ्या सेकंडहँड सायकलीएवढे पैसे गेले. म्हणून कोणी म्हणालं की एका सायकलीत तीन सायकलींचे पैसे वाचतात तर ते मी मान्य करणार नाही. जागा वाचते, देखभाल वाचते, पैसे फार वाचत नाहीत.

पण चाकं बदलल्यावर काय सायकल होते! सिंहगडावर तर मी रोडबाइकपेक्षा सुखात जातो. हिशोब सांगतो, माझ्या रोडबाइकला पुढे ३४ दात आणि मागे सगळ्यात मोठं २८, म्हणजे मिनिटाला पायडलच्या ७० फेऱ्या मारायच्या तर वेग ताशी पावणेअकरा किलोमीटर ठेवावाच लागायचा, तो वरच्या वळणांवर माझ्याने ठेवला जात नाही, मग फेऱ्या पन्नासवर यायच्या आणि गुडघे बोलायला लागायचे. ग्रॅव्हलला पुढे ३०, मागे ३४. त्याच ७० फेऱ्यांत वेग आठच्या आसपास. पायथ्यापासून वरपर्यंतचे साधारण नऊ किलोमीटर मी आता न थांबता चढतो, वय सेहेचाळीस आहे, आणि गुडघे शाबूत आहेत. सपाटीला पुढे ४६ आणि मागे ११ वर नव्वद फेऱ्यांत पन्नासच्या जवळ वेग जातो, त्याच्यावर जायची माझी पायातली ताकदच नाही. म्हणजे रोडबाइकचा जो वरचा गिअर होता तो मी कधी वापरलेलाच नव्हता. शर्यती मारणाऱ्या पोरांचं वेगळं आहे, त्यांनी रोडबाइक ठेवावी, त्यांना त्या पाच-दहा मीटरची किंमत माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

एमटीबीही गेली, पण इथे मला खरं बोलायला हवं. तिची जागा ग्रॅव्हल बाइकने घेतली नाही. मी वेताळ टेकडीवर ग्रॅव्हल घेऊन दोनदा गेलो. खाणीच्या बाजूची सपाट वाट ठीक आहे, मजा येते. पण जिथे दगड सुटलेत, मुळं वर आलीत, पायरीसारखा उतार आहे तिथे पुढे शॉकअप नाही, हँडल खाली आहे, वजन पुढे जातं, ब्रेक दाबून दाबून हाताला गोळे आले आणि एका ठिकाणी तर चाक दोन दगडांत अडकून मी हँडलवरून पुढे गेलो. मनगट तीन आठवडे बांधलेलं होतं. तर झालं असं की मी टेकडीवर सायकल नेणंच सोडलं. एमटीबी भाच्याला दिली, तो आता मला जमायच्या नाहीत अशा वाटांवरून खाली येतो आणि मी टेकडीवर चालत जातो. बरेच जण म्हणतात की ग्रॅव्हल घेतली आणि एमटीबी विकली, त्यातल्या कितीजणांची खरंच गरज भागली आणि कितीजणांनी माझ्यासारखं ते करायचंच बंद केलं, हे प्रत्येकाने आपल्याशी बघावं. दोन्ही चालेल. पण आधी कळलेलं बरं, सायकल विकल्यावर नको. मला अजून पहिल्या पावसानंतरची टेकडी बघितली की हातात सरळ हँडलची आठवण येते.

आणि हायब्रिड आहे, ती राहणार. चालवायच्या दृष्टीने ग्रॅव्हल बाइक ऑफिसला तिच्यापेक्षा सरस आहे, मी कॅरिअर आणि पिशव्या लावून महिनाभर करून बघितलंय, खड्डे गिळते, ब्रेक जबरदस्त. पण मंडईत लावून मी मेथीच्या जुड्या निवडत उभा राहू शकत नाही, सगळं लक्ष सायकलीकडे. लाखाच्या वरची वस्तू खांबाला साखळीने बांधून जीव थाऱ्यावर राहत नाही. शिवाय वाटेत काही झालं तर कोपऱ्यावरचा पंक्चरवाला हायब्रिडचं पंक्चर दहा मिनिटांत काढतो, तिला मोटारसायकलसारखा वाल्व आहे, पेट्रोल पंपावरही हवा भरता येते. ग्रॅव्हलच्या फ्रेंच वाल्वला त्याच्याकडे नळी नाही आणि ट्यूबलेस टायर उघडून आतलं पांढरं पाणी बघितल्यावर त्याने हात जोडले. म्हणून रंग उडालेली, सीटवर प्लास्टिकची पिशवी बांधलेली ती हायब्रिड शहरात अजून बिनधास्त फिरते.

तर तीनाच्या दोन झाल्या. एक चालवायला आणि एक उभी करायला, असं मी म्हणतो.

पण मला कोणी विचारलं की पहिलीच सायकल घ्यायचीये, एकच घेणार आहे, तर मी आता डोळे झाकून ग्रॅव्हल सांगतो. पुण्यात, साताऱ्यात, नाशकात, कोकणातल्या जांभ्याच्या लाल रस्त्यावर, विदर्भात, कुठेही. कारण तिने मला माझ्याच जिल्ह्यातले रस्ते दिले. नारायणपूरकडे जाताना डाव्या हाताला जो कच्चा रस्ता जातो म्हटलं ना, तिथे मी २०२२ च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा वळलो. आत एक पाझर तलाव आहे, कडेला मोठं वडाचं झाड, आणि पलीकडून धनगरांच्या मेंढ्या उतरत होत्या. पाच-सहा वर्षं मी याच्यापासून दीड किलोमीटरवरून ताशी तीसच्या वेगाने जात होतो, घड्याळाकडे बघत. २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत करायची लांब पल्ल्याची राइड, साडेतेरा तासांत पुरी करायची असते, ती मी रोडबाइकवर साडेनऊ तासांत केलीये आणि ग्रॅव्हलवर पावणेअकरा तासांत, आणि खरं सांगतो, साडेनऊवाल्या दिवसातलं मला मागच्या चाकाखेरीज काही आठवत नाही, म्हणजे माझ्या पुढे चाललेल्याच्या मागच्या चाकाखेरीज.

मागच्या जुलैत घरी गेलो तेव्हा आदल्या रात्री मोठा पाऊस झाला होता. कालव्याच्या भरावावर काही अडचण नव्हती, मुरूम पाणी धरत नाही. पाणंदीला लागलो आणि शेवटच्या तीनशे मीटरला काळी माती. पाच-सात मीटरमध्येच टायर आणि फोर्कच्या मधली सगळी जागा भरली, मागे चेनपर्यंत गच्च, चाक फिरेचना, सायकल जागेवर उभी राहिली कोणी न धरता. मग खांद्यावर घेतली आणि चप्पच चप्पच करत गेलो.

अण्णांनी बघितलं, आत जाऊन एक तुराटी घेऊन आले, उकिडवे बसले आणि फोर्कमधली माती एकेक ढेकूळ करून खाली पाडायला लागले. मी पाणी आणायला निघालो तर म्हणाले, "ऱ्हाऊदे, वाळल्याव आपसूक निघती. मडगार्ड नाय त्ये बरं केलं. आम्ही पावसाळ्यात काढूनच ठेवायचो."

मग मागच्या चाकाकडे सरकले.